ज्येष्ठांना विचारायला कधी सुरुवात झाली?

वृद्धांसाठी उपकरणं बनवणं जुनंच. ती बनवताना वृद्धांना सोबत घेणं मात्र अलीकडचं. या विचाराचं एक मूळ कारखान्यांत सापडतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत संगणकतज्ज्ञ क्रिस्टेन न्यूगोर यांनी धातुकामगारांच्या संघटनेबरोबर काम केलं. नवं तंत्र ज्यांच्या गळ्यात पडणार, त्यांचा शब्द ते ठरवताना चालला पाहिजे, ही भूमिका. १९८१ मध्ये सुरू झालेल्या 'युटोपिया' प्रकल्पात छपाई कामगार आणि संशोधक एकत्र बसले. छोटा लेझर प्रिंटर हाताशी नव्हता, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'लेझर प्रिंटर' असं लिहून तेच मांडलं. खोकं उचलून दुसरीकडे ठेवायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. असे कच्चे नमुने पुढे ज्येष्ठांबरोबरच्या कामातही आले, आणि ते योग्यच झालं: चकचकीत तयार वस्तूला नावं ठेवायला माणूस संकोचतो, पुठ्ठ्याला नाही.

अमेरिकेत वाट वेगळी होती. १९७९ मध्ये पॅट्रिशिया मूर ही २६ वर्षांची डिझायनर म्हातारीचं सोंग घेऊन बाहेर पडली. कानांत बोळे, नजर धूसर करणारा चष्मा, सांधे आखडावेत म्हणून बांधलेल्या पट्ट्या. १९८२ पर्यंत ती अमेरिका आणि कॅनडातल्या शंभरहून अधिक शहरांत अशीच फिरली. या धाडसाने डिझायनरांचे डोळे उघडले, याबद्दल आदरच आहे. पण सोंग संध्याकाळी उतरवता येतं. ऐंशी वर्षं जगून आलेल्या सवयी, भीती आणि हुशारी पट्ट्या बांधून येत नाही.

१९९१ हे वर्ष महत्त्वाचं. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनला वार्धक्य आणि तंत्रज्ञान या विषयावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये 'डिझाइनएज' हा वाढत्या वयासाठीच्या डिझाइनचा उपक्रम सुरू झाला.

ज्येष्ठांना सोबत घेण्याच्या पद्धतीचा खरा कस लागला तो स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात. तिथले संगणकतज्ज्ञ अॅलन न्यूएल आणि सहकाऱ्यांना या शतकाच्या सुरुवातीला एक अडचण जाणवत होती. गटचर्चेत ज्येष्ठ मंडळी पाहुण्यासारखी वागत: यंत्राचं कौतुक, आणि जमलं नाही तर दोष स्वतःकडे. शिवाय जी वस्तू अजून अस्तित्वातच नाही, तिच्याबद्दल बोलायचं काय? मग त्यांनी नाटक मंडळींना बोलावलं. घरात कोणी पडलं तर ओळखणाऱ्या यंत्रणेभोवती छोटे प्रसंग लिहिले गेले, व्यावसायिक नटांनी ते उभे केले आणि समोर बसलेल्या ज्येष्ठांनी त्यावर चर्चा केली. आता चुकत होतं ते पात्र; त्यामुळे प्रेक्षकांना मोकळेपणाने बोलता आलं. घरातला कॅमेरा नेमका काय बघणार, कोणाला कळवणार, असे प्रश्न यंत्र बनण्याआधीच मांडता आले.

नियमांना मात्र उशीर झाला. अनेक अभ्यासांत सहभागासाठी वयाची वरची मर्यादा असे, बऱ्याचदा सबळ कारणाविना. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी जानेवारी २०१९ पासून लागू केलेल्या धोरणानुसार, माणसांवरच्या संशोधनातून कोणताही वयोगट वगळायचा तर शास्त्रीय किंवा नैतिक कारण द्यावं लागतं.

अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. त्यात 'मत विचारणं' ही चौथी पायरी, 'भागीदारी' सहावी. प्रश्न, बजेट आणि मुदत आधीच ठरलेल्या प्रकल्पात ज्येष्ठांना शेवटच्या चाचणीला बोलावलं, तर ते अजून चौथीवरच उभे असतात.