ब्रोचची पाठ

ब्रोच म्हणजे कपड्यावर टाचणीने लावायचा दागिना. जुन्या ब्रोचमधला जाणकार कसा ओळखावा? ब्रोच हातात येताच तो आधी पालथा करतो. समोरचे खडे, मीनाकाम, कोरलेला चेहरा हे सगळं सावकाश बघता येतं. आधी टाचणी कसली आहे, कुठल्या बिजागरीवर फिरते, तिचं टोक कशात अडकतं ते बघायचं. दर्शनी बाजू त्या त्या काळाची हौस सांगते, आणि एका काळाची हौस दुसरा काळ सर्रास उचलतो. एकोणिसाव्या शतकातल्या सोनारांनी रोमन आणि मध्ययुगीन घडणीच्या हुबेहूब नकला केल्या. पण मागच्या बाजूला नक्कल करायची तसदी फारशी कुणी घेत नसे. तिथे कारागीर आपल्या काळातली सोय वापरून मोकळा होई.

मुळात या दागिन्याची सुरुवातच टाचणीपासून झाली. युरोपात काजाचं बटण तेराव्या शतकाच्या सुमारास रुळलं. त्याआधी अंगावरचं कापड खांद्याशी धरून ठेवायला काहीतरी लागायचंच. कांस्ययुगात, इ.स.पू. तेराव्या शतकाच्या आसपास, कुणीतरी एक तार वाकवली, तिला एका टोकाला वेढा देऊन स्प्रिंग केली आणि दुसऱ्या टोकाला आकडा. हीच फिबुला. १८४९ साली वॉल्टर हंट या अमेरिकन माणसाने सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि ४०० डॉलरला विकून टाकलं. पुरातत्त्व संग्रहालयात फिबुलांच्या पेटीसमोर उभं राहिलं की त्याने नवं नेमकं काय केलं असा प्रश्न पडतो. रोमन सैनिकाच्या खांद्यावरची फिबुला आणि आपल्या कपाटातली सेफ्टी पिन या सख्ख्या बहिणी शोभतात.

सोन्याची एक फिबुला तर बोलतेसुद्धा. इटलीतल्या प्रेनेस्टे या प्राचीन गावाच्या नावाने ती ओळखली जाते आणि इ.स.पू. सातव्या शतकातली आहे. तिच्यावर उजवीकडून डावीकडे कोरलंय, ‘मानिओसने मला नुमासिओससाठी घडवलं.’ लॅटिन भाषेतल्या सगळ्यात जुन्या ओळींपैकी ही एक. १८८७ साली ती जगासमोर आली, पुढे काही विद्वानांनी तिला बनावट ठरवलं, आणि २०११ मध्ये सोन्याच्या पृष्ठभागाची सूक्ष्म तपासणी झाल्यावर ती अस्सल असल्याचा निर्वाळा मिळाला. गंमत म्हणजे हा मजकूर कोरलाय तो टाचणीचं टोक जिथे विसावतं त्या लांबट खोबणीवर.

पाठीची शान बघायची तर आयर्लंडचा तारा ब्रोच बघावा. १८५० साली मीथ परगण्यात बेटीस्टाउनजवळ तो सापडला. घडलाय साधारण आठव्या शतकाच्या सुरुवातीला. तारा या राजांच्या टेकडीशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो विकत घेणाऱ्या डब्लिनच्या जवाहिऱ्याने नावाला वजन यावं म्हणून ते चिकटवलं आणि त्याच्या नकला भरपूर खपवल्या. कडं जेमतेम नऊ सेंटीमीटर रुंदीचं, पण त्यावर सोन्याच्या तारेचं काम इतकं बारीक की भिंगाशिवाय दिसू नये. आणि अंगावर घातल्यावर कुणालाच न दिसणारी मागची बाजूही तितक्याच मन लावून नटवलेली. ती मजा फक्त घालणाऱ्यालाच ठाऊक.

शिवणकाम सुधारलं, बटणं आली, तशी ब्रोचची मूळ नोकरी संपत गेली. आता कापड धरून ठेवायचं काम उरलं नव्हतं, म्हणून तो निरोप धरून ठेवू लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात प्रिय व्यक्तीचा फक्त एक डोळा रंगवलेले ब्रोच निघाले. चेहरा नाही, नाव नाही. ज्याला ओळखायचं त्याने ओळखावं. काही ब्रोचमध्ये रूबी, एमरल्ड, गार्नेट, अॅमेथिस्ट, रूबी, डायमंड असे खडे ओळीने बसवत, कारण इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की ‘रिगार्ड’ हा शब्द होतो. मागच्या बाजूला काचेखाली एक छोटा कप्पा असे आणि त्यात विणलेले केस, कधी जित्या माणसाचे, कधी गेलेल्याचे. आज ते बघून काहींच्या अंगावर काटा येतो. पण फोटो सहज मिळत नसत त्या काळात माणसाचं न कुजणारं एवढंच जवळ ठेवता येत होतं.

१८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट वारला, राणीने काळे कपडे घातले ते १९०१ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, आणि शोकाच्या दागिन्यांची लाट आली. इंग्लंडातल्या व्हिटबीच्या किनाऱ्यावर मिळणारं जेट, म्हणजे कोट्यवधी वर्षं दबून काळं झालेलं लाकूड, त्यासाठी कोरलं जाई. ते हाताला उबदार आणि अगदी हलकं लागतं. काळी काच थंड आणि जड. हा फरक एकदा हाताला कळला की पुस्तकाची गरज नाही.

त्यानंतरचा प्रवास झपाट्याचा. रेने लालीक या फ्रेंच जवाहिऱ्याचे चतुर किड्याच्या आकाराचे ब्रोच आणि पारदर्शक मीना, मग आर्ट डेको शैलीचा प्लॅटिनमचा आणि भूमितीचा सोस. मला त्या काळातला सगळ्यात बोलका वाटतो तो मात्र चांदीचा एक साधा ब्रोच. मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या ब्रिटिश स्त्रियांना १९०९ पासून दिला गेलेला, सिल्व्हिया पँकहर्स्टने आखलेला. दाराची जाळी आणि त्यावर कैद्यांच्या कपड्यांवरचा बाण, जांभळ्या-पांढऱ्या-हिरव्या रंगात. शिक्षेची खूण छातीवर मिरवायची!

आता पुन्हा पाठीकडे. इंग्रजी ‘सी’सारखा उघडा आकडा आणि त्याच्या बाहेर, ब्रोचच्या कडेपलीकडे डोकावणारी टाचणी असेल तर वस्तू बहुधा एकोणिसाव्या शतकातली. आकड्याला कुलूप नव्हतं, म्हणून लांब टोक पुन्हा कापडात खुपसत. फिरवून बंद होणारा सेफ्टी आकडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसतो. ब्रिटिश घडणीवर १५ कॅरटचा छाप असेल तर तो १८५४ ते १९३२ मधला, कारण एवढीच वर्षं तो कस कायद्यात होता. मात्र टाचण्या मोडतात आणि बदलल्या जातात. आकड्याभोवती राखाडी झाळीचे ओघळ दिसले की आकडा मागून लावलाय हे समजावं. समोरची बाजू जुनी आणि आकडा नवा, यात लबाडी असेलच असं नाही. कुणीतरी तो ब्रोच खरंच वापरला, एवढं नक्की.

निगा राखतानाही पाठ आधी तपासावी. खड्यांमागे कोंदण बंद असेल तर पाणी लावू नये. जुन्या खड्यांखाली चमक वाढवायला वर्ख घालत. एकदा पाणी शिरलं की तो काळा पडतो आणि खडा कायमचा मालवतो. केसांच्या कप्प्याचंही तेच. मोती, ओपल, पिरोजा, शंखावर कोरलेले चेहरे यांना दागिने कंपनांनी धुणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात घालणं म्हणजे वैर काढणं. अत्तर, स्प्रे आधी मारावा, ब्रोच शेवटी लावावा, आणि काढल्यावर मऊ कोरड्या फडक्याने पुसावा. चांदीचा काळेपणा खाचांमध्ये थोडा राहू द्यावा. तो घासून काढला की नक्षी सपाट दिसते. प्रत्येक ब्रोच वेगळ्या कापडात ठेवावा, नाहीतर हिरा शेजारच्या मोत्यावर ओरखडे काढतो.

लावताना टाचणी शिवणीजवळच्या जाड भागातून घालावी आणि पातळ कापडाच्या आत फेल्टचा छोटा तुकडा धरावा, म्हणजे वजनाने कापड लोंबत नाही. वाकलेली टाचणी घरी पक्कडीने सरळ करायला जाऊ नये. जुना धातू ठिसूळ झालेला असतो आणि तुटतो तो नेमका बिजागरीशी. जुनं काम जाणणाऱ्या कारागिराकडे द्यावा, आणि आकडा बदलावाच लागला तर काढलेला तुकडा परत मागून घ्यावा. छोट्या पुडीत, तारीख टाकून, तो ब्रोचबरोबरच ठेवावा.