काळी असो वा पांढरी, गोगलगाय तीच

हिंदी महासागरात सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर, उष्ण झऱ्यांलगत राहणारी खवलेपायी गोगलगाय तिच्या काळ्या लोखंडी कवचावरून ओळखावी, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे अपुरे आहे, आणि त्यामुळे ओळख चुकते.

२००१ मध्ये कैरेई झऱ्यांपाशी सापडलेल्या गोगलगायींचे कवच खरोखरच काळे होते, कारण त्याच्या बाहेरच्या थरात लोह-सल्फाइड, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग, होते. त्याखाली सेंद्रिय थर आणि सर्वांत आत नेहमीचा चुनखडीचा थर. पुढे सॉलिटेअर झऱ्यांवर मात्र पांढऱ्या गोगलगायी मिळाल्या, ज्यांच्या कवचावर हे सल्फाइड जवळजवळ नव्हतेच. ही वेगळी जात नव्हे. तेथील पाण्यात लोह फार कमी असते. गंधक प्राण्याच्या शरीरातून येते आणि लोह भोवतालच्या पाण्यातून, त्यामुळे लोहच नसेल तर काळा थर बसणार कसा? रंग हा ठिकाणाचा पुरावा आहे, जातीचा नाही.

मग पाहायचे काय? कवच साधारण तीन वेढ्यांचे, गोलसर, शिखर दबलेले आणि प्रौढ प्राण्यात बहुधा झिजलेले असते. पृष्ठभागावर कंगोरे आणि बारीक वाढरेषा दिसतात. तरीही केवळ रिकाम्या कवचावर मी निर्णय देणार नाही. खरी खूण पायावर आहे: कौलांसारखे एकावर एक रचलेले शेकडो खवले, जे पांढऱ्या गोगलगायीतही तसेच असतात.