एका फॉर्मला एकच सबमिट बटण? एक खुलासा
वेबपानावरील फॉर्ममध्ये एकाहून अधिक सबमिट बटणे (माहिती पाठवणारी बटणे) असली, तर त्यांपैकी कोणते दाबले हे जावास्क्रिप्टशिवाय (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडशिवाय) सर्व्हरला, म्हणजे माहिती स्वीकारणाऱ्या संगणकाला, कळत नाही, हा वर्षानुवर्षे फिरणारा समज चुकीचा आहे. भरलेल्या माहितीबरोबर फक्त दाबलेल्या बटणाचेच नाव आणि मूल्य पाठवले जाते, हा नियम १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्येही (वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या त्या आवृत्तीतही) स्पष्ट नोंदवलेला आहे. त्यामुळे सर्व बटणांना एकच नाव आणि ‘जतन’, ‘हटवा’ अशी वेगवेगळी मूल्ये दिली, की सर्व्हरवर त्यानुसार निर्णय घेता येतो. बटणाला नावच दिले नसेल, तर मात्र त्या बटणाबद्दल काहीच पोहोचत नाही. खरी गोम एंटरमध्ये आहे: एकोळी रकान्यात एंटर दाबल्यास ब्राउझर कोडमधील क्रमाने पहिले असलेले सबमिट बटण दाबल्याचे मानतो, मग पडद्यावर ते कुठेही दिसो. ते ‘हटवा’ असेल, तर नोंद गेलीच म्हणून समजा.