गुळाच्या रव्यांवरची मांजर

कोल्हापुरात मार्केट यार्डातल्या एका अडतीत गुळाच्या रव्यांच्या थप्पीवर एक मांजर झोपलेली असते. पाठीवर काळे आणि तांबूस डाग, जणू गोधडीची ठिगळं, पोट पांढरंशुभ्र. असा तिरंगी बोका मात्र शोधूनही क्वचितच सापडतो. असं का? याचं उत्तर मेरी लायन या ब्रिटिश संशोधिकेने दिलं, तेही मांजरं नव्हे, उंदीर पाळून.

लायन यांचा जन्म १९२५चा. केंब्रिजमध्ये शिकल्या, पण तेव्हा तिथे मुलींना पूर्ण पदवी मिळत नसे. हातात पडली ती नामधारी. पीएचडीचं काम पुढे एडिंबरोत पूर्ण केलं. ‘एपिजेनेटिक्स’ (डीएनए न बदलता जनुकं चालू-बंद कशी होतात याचा अभ्यास) हा शब्द १९४२ मध्ये ज्यांनी घडवला ते शास्त्रज्ञ वॉडिंग्टन तिथलेच. १९५५च्या सुमारास त्या इंग्लंडमधल्या हार्वेलच्या संशोधन केंद्रात गेल्या. अणुचाचण्यांचा तो काळ, किरणोत्साराने जनुकांत काय बिघडतं ते उंदरांवर तपासायचं काम होतं.

तिथे त्यांची नजर उंदरांच्या कातडीवर खिळली. काही माद्या ठिपकेदार निघत, नर कधी तसे नसत. माद्यांत एक्स गुणसूत्रं दोन, नरांत एक. एकच एक्स असलेली मादी उंदीरही धडधाकट जगते, हेही ठाऊक होतं. मरे बार या संशोधकाने १९४९ मध्येच मांजरीच्या पेशीत एक गडद ठिपका पाहिला होता, तो म्हणजे आखडून बसलेलं एक एक्सच. लायन यांनी हे धागे जोडले: भ्रूणाच्या सुरुवातीलाच प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स बंद करते, कोणता ते नशिबावर, आणि त्या पेशीची पुढची सारी पिलावळ तोच बंद ठेवते. हा छोटा लेख १९६१ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. आपलं शिवाजी विद्यापीठ तेव्हा अजून स्थापन व्हायचं होतं.

मला यातली खरी थोरवी ही वाटते की डीएनएतलं एकही अक्षर न वाचता, नुसती लव न्याहाळून त्यांनी हे ओळखलं. जनुक शाबूत असूनही मुकं राहू शकतं! एक्स बंद करण्यामागचं ‘झिस्ट’ जनुक सापडायला १९९१ उजाडलं. त्यातून निघणारा आरएनए त्याच गुणसूत्राला लपेटून बसतो, मग डीएनएवर चिकटणाऱ्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा कुलूप पक्कं करतात. डीएनए तोच, वाचन वेगळं.

मांजरीचा तांबूस रंगही एक्सवरच बसतो. एका एक्सवर तांबूस, दुसऱ्यावर नाही, तर ज्या पेशीत जो चालू तसा डाग, तांबूस किंवा काळा. बोक्याला एक्स एकच, म्हणून या दोहोंपैकी रंगही एकच. पांढऱ्याचं जनुक दुसरीकडे. तांबूस रंगामागे एक्सवरच्या एका जनुकाजवळचा सुमारे पाच हजार अक्षरांचा गळालेला तुकडा आहे, हे जपानी आणि अमेरिकी गटांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं. लायन ते पाहायला नव्हत्या. २०१४ च्या नाताळात त्या गेल्या.

अडतीतल्या मांजरीला मागच्या हंगामात चार पिल्लं झाली. त्यातले दोन बोके, एक काळा, एक तांबूस.