साइझऑफ आणि स्ट्रलेन: जागा केवढी, मजकूर केवढा

सी भाषेतल्या गेम सर्व्हरवर खेळाडूच्या नावासाठी २४ बाइटचा कॅरॅक्टर अ‍ॅरे (बाइटांची सलग रांग) ठेवला आणि त्यात ‘सातारा’ भरलं. साइझऑफ (sizeof) सांगतो २४, स्ट्रलेन (strlen) सांगतो १८. पहिला आकडा जागेचा, दुसरा भरलेल्या मजकुराचा. अक्षरांचा आकडा दोन्हींतून मिळत नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा. तीन अक्षरं, तीन काने, झाले १८. मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट धरून १९. म्हणून मॅलॉकने (मेमरी मागायचं फंक्शन) जागा घेताना स्ट्रलेन अधिक १ घ्या.

इंग्रजी नावांवर बिनतक्रार चाललेला कोड साताऱ्या-सांगलीच्या पोरांनी मराठी नावं टाकली की अडतो. ‘महाबळेश्वर’ म्हणजे १० चिन्हं, ३० बाइट. त्याच २४ च्या बफरमध्ये (नाव ठेवायच्या जागेत) मजकूर लिहिणाऱ्या एसएनप्रिंटएफला साइझऑफ दिला तर तो २३ बाइट लिहून शून्य ठेवतो. बफरबाहेर जात नाही, हे चांगलंच. पण ७ चिन्हांत २१ बाइट जातात आणि उरलेले २ हे पाय मोडायच्या चिन्हाचा तुकडा. पडद्यावर ‘महाबळेश’ आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. एसएनप्रिंटएफ परत मात्र ३० देतो. परत आलेला आकडा बफरएवढा किंवा मोठा असेल तर नाव कापलं गेलंय. अर्धवट चिन्हाच्या पहिल्या बाइटवर शून्य ठेवा.

सगळ्यात फसवी जागा फंक्शनची. अ‍ॅरे आत पाठवला की तो पॉइंटर (फक्त जागेचा पत्ता) होतो आणि ६४-बिट मशिनवर साइझऑफ २४ ऐवजी ८ देतो. तोच आकडा एसएनप्रिंटएफला दिला की ‘सातारा’चं ‘सा’ उरतं, वर एक तुटका बाइट. आकार वेगळा पॅरामीटर म्हणून पाठवा.

नेटवर्कवर पाठवताना उलट चूक होते. तिथे साइझऑफ दिला तर १८ ऐवजी २४ बाइट जातात आणि शून्याच्या पुढच्या ५ बाइटांत आधीच्या खेळाडूच्या नावाचे अवशेष दुसऱ्याकडे पोचतात. ही माहितीची गळती आहे, हयगय नको.

मेमरीचं गणित: ५०० खेळाडू, प्रत्येकी ६४ निरोप, प्रत्येकाला १०२४ बाइट, म्हणजे ३,२७,६८,००० बाइट. निरोप सरासरी ४० चिन्हांचा असेल तर खरी गरज १२१ बाइटांची, एकूण ४० लाखांच्या आत. पॉनमध्ये (गेम सर्व्हरवरची एक स्क्रिप्टिंग भाषा) साइझऑफ बाइट नाही, सेल म्हणजे एकेका घटकाची जागा मोजतो. साध्या स्ट्रिंगचा एक सेल ४ बाइटचा, म्हणून १२८ चा अ‍ॅरे ५१२ बाइट खातो.

‘कऱ्हाड’ जपून मोजा. त्यातला ऱ एकच चिन्ह असेल तर १८ बाइट, र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा आला तर २१. डोळ्यांना नाव तेच, मजकूर ताडून पाहणाऱ्या स्ट्रकंपला वेगळं. लांबी मोजण्याआधी, नाव साठवण्याआधी एनएफसी रूपात (र आणि नुक्ता जोडून एकच चिन्ह होतं अशा प्रमाण रूपात) आणा.