झोपाळ्याला दोर, बाकावर गप्पा

जून २०२०. टाळेबंदी सैल करणाऱ्या राज्य सरकारच्या ‘मिशन बिगिन अगेन’ आदेशाने मोकळ्या जागेत चालायला, धावायला, सायकल फिरवायला पहाटे ५ ते संध्याकाळी ७ परवानगी दिली आणि अडीच महिन्यांनी मी घराजवळच्या बागेत पाय ठेवला. झोपाळ्यांच्या साखळ्या वरच्या दांडीला गुंडाळून निळ्या नायलॉनच्या दोरीने करकचून बांधल्या होत्या. ओपन जिमच्या हँडलांना लाल-पांढरी पट्टी होती. आदेशच तसा होता: झोपाळे, बार, व्यायामाची साधनं वापरायची नाहीत. आणि त्या बांधलेल्या झोपाळ्यांसमोरच्या बाकावर चार आजोबा, मास्क हनुवटीवर ओढून, एकमेकांकडे तोंड करून तावातावाने बोलत बसले होते.

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. झोपाळ्यांना वळसा घालून मी आजोबांना नमस्कार केला आणि बाकाच्या कडेला टेकलो.

लोखंडाची ही धास्ती आली कुठून? मार्च २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक प्रयोग छापून आला. कोरोनाचा विषाणू तांब्यावर ४ तास, स्टीलवर ४८ तास आणि प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत जिवंत सापडला होता. यातला ७२ चा आकडा घरोघरी पोचला. आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाजी बाल्कनीत वाळत घातली. त्याच प्रयोगातला दुसरा आकडा मात्र मागे राहिला. प्लॅस्टिकवर दर सात तासांनी विषाणू निम्मे होत होते. म्हणजे ७२ व्या तासाला उरला होता तो गाळ, आणि तोही भरपूर विषाणू मुद्दाम ओतून बंद खोलीत केलेल्या प्रयोगातला.

झोपाळा बंद खोलीत नसतो. त्याच वर्षी अमेरिकी शास्त्रज्ञांनी लाळेसारख्या द्रवात विषाणू मिसळून तो स्टीलवर वाळवला आणि त्यावर कृत्रिम सूर्यप्रकाश सोडला. भर उन्हाळ्यातल्या प्रखर उन्हाइतक्या प्रकाशात दर ६.८ मिनिटांनी ९० टक्के विषाणू निकामी झाले. मुंबईतल्या जूनच्या ढगाळ सकाळी हा हिशेब चालणार नाही, पहाटे साडेपाचला तर नाहीच, कारण काम करतात ते अतिनील किरण आणि तेव्हा ते जवळपास नसतातच. तरी दुपारच्या उन्हात तापलेली घसरगुंडी ही बागेतली सर्वांत निरुपद्रवी वस्तू असावी. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) सांगून टाकलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोरोना होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. तोवर आपल्याकडे सॅनिटायझरचे किती पिंप रिकामे झाले, देव जाणे.

मग आजोबांचं काय? त्यासाठी देवघरातली उदबत्ती घ्या. बंद खोलीत ती लावली, की पाच मिनिटांत वास कोपऱ्याकोपऱ्यात पोचतो आणि विझल्यावरही तासभर रेंगाळतो. तीच बागेत लावा. हातभर अंतरावर धूर दिसतो, चार पावलांवर पत्ता लागत नाही. बोलताना तोंडातून निघणारे अगदी बारीक तुषार याच धुरासारखे वागतात. मोठे थेंब दोन मीटरच्या आत जमिनीवर पडतात, बारीक मात्र वाळून हलके होतात आणि तरंगत राहतात. विल्यम वेल्स या अमेरिकी संशोधकाने हे १९३४ मध्येच मांडलं होतं. तरीही २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘कोविड हवेतून पसरत नाही’ असं ठासून ट्वीट केलं. ती भूमिका बदलायला पुढे वर्षाहून जास्त काळ गेला.

बंद जागेत आपण इतरांचा उच्छ्वास किती ओढतो, याचाही अंदाज करता येतो. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४०,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो, बाहेरच्या हवेत ४००च्या थोडा वर. गजबजलेल्या एसी खोलीत मीटर १,२०० दाखवत असेल, तर वरचे ८०० आले माणसांच्या फुप्फुसांतून. ८०० भागिले ४०,०००, म्हणजे पन्नासातला एक श्वास आधी कुणीतरी घेऊन सोडलेला. बागेत हा मीटर बाहेरच्या आकड्यावरून फारसा हलतच नाही.

रुग्णांच्या नोंदीही तेच सांगतात. चीनमध्ये जानेवारी-फेब्रुवारी २०२० मधल्या, तीन किंवा अधिक रुग्णांच्या ३१८ उद्रेकांचा अभ्यास झाला. ते सगळे बंद जागांतले होते. उघड्यावर लागण झाल्याचा एकच प्रसंग संशोधकांना सापडला, तोही दोघांपुरता: वुहानहून परतलेल्या माणसाशी गावातल्या एकाने बाहेर उभं राहून गप्पा मारल्या होत्या. उघड्यावरची लागण शोधणं अवघड असतं हे खरं, पण निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र तपासल्यावरही उघड्यावरच्या लागणीचा वाटा दहा टक्क्यांच्या आतच निघाला.

त्या एकुलत्या प्रसंगातला ‘गप्पा’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. उदबत्ती बागेत असली तरी नाक तिच्यावरच धरलं तर धूर जाणारच. शिवाजी पार्कला फेऱ्या मारणारा माणूस तुमच्या शेजारून दोन सेकंदांत निघून जातो. एप्रिल २०२० मध्ये ‘धावणाऱ्यामागे दहा मीटर अंतर ठेवा’ असं सांगणारं एक रंगीत चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं. ते हवेच्या प्रवाहाचं संगणकी गणित होतं, लागणीचा अभ्यास नव्हे. त्याच मैदानाच्या कट्ट्यावर मात्र माणूस टेकला की तासाची निश्चिंती. त्यातही रांगेत बसून मैदानाकडे बघत बोलणारे बरे. एक कट्ट्यावर आणि दुसरा त्याच्या गुडघ्यांपुढे उभा, ही खास कट्टा-बैठक म्हणजे थेट तोंडासमोर तोंड.

गर्दीचा निकषही मग वेगळा लावावा लागतो. मैदानात माणसं किती, यापेक्षा ती किती दाटीने आणि किती वेळ, हे बघायचं. बऱ्याच बागा सकाळी-संध्याकाळी दोन-दोन तासच उघडत. तेवढेच लोक चौदा तासांऐवजी चार तासांत कोंबले, तर दाटी साडेतीन पट होते, आणि फाटकापाशी तर विचारूच नका. ३१ डिसेंबर २०२१ च्या आदेशाने मुंबईत संध्याकाळी ५ ते पहाटे ५ समुद्रकिनारे, मैदानं, बागा बंद झाल्या. नववर्षाच्या झुंडी टाळायच्या होत्या हे समजतं. पण मरीन ड्राइव्हवरून उठवलेली माणसं हवेत विरत नाहीत, ती कुणाच्या तरी दहा बाय बाराच्या हॉलमध्ये जाऊन बसतात. न्यूयॉर्कच्या डॉमिनो पार्कने मे २०२० मध्ये गवतावर पांढरी वर्तुळं आखली होती, एका वर्तुळात एक टोळकं. खर्च चुन्याचा.

मुंबईला हे नवं असायचं कारण नव्हतं. १८९६ च्या प्लेगनंतर दाटीवाटीची वस्ती मोकळी करायला १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते आणि फाइव्ह गार्डन्स ही त्याचीच देणगी. कोंदट हवेनेच साथी फैलावतात ही तेव्हाची समजूत प्लेगच्या बाबतीत चुकीची होती, प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी आणला होता. चुकीच्या कारणासाठी बांधलेल्या बागा सव्वाशे वर्षांनी योग्य रोगाला उपयोगी पडायच्या होत्या, तेव्हा आपण त्यांना कुलूप लावलं.

बागेतली एकच सोय खरी जोखमीची, आणि तिच्याबद्दल बोलायला सगळे संकोचतात: शौचालय. चार भिंती, छोटा झरोका, बाहेर रांग. ते बंद ठेवणं हा उपाय नव्हे. २३ मे २०२० ला टोरांटोच्या ट्रिनिटी बेलवूड्स पार्कमध्ये हजारो लोक जमले, शौचालयं बंद होती, आणि लोकांनी आसपासच्या घरांची अंगणं वापरली. उघडं ठेवायचं तर हवा खेळती हवी आणि मोरी ओली हवी. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्समध्ये (नावात बाग, प्रत्यक्षात उंच इमारतींचं संकुल) सार्सचे (कोरोनाच्याच कुळातल्या विषाणूच्या रोगाचे) ३०० हून अधिक रुग्ण निघाले. तिथल्या मोऱ्यांचे नहाणी ट्रॅप कोरडे पडले होते. त्या वाकड्या नळीत साचलेलं पाणी गटाराची हवा अडवतं. ते सुकलं, आणि बाथरूमच्या एक्झॉस्ट पंख्यांनी दूषित हवा खालून घरांत ओढून घेतली.

म्हणून महिनोन्महिने बंद असलेलं शौचालय उघडलं, की दार सताड उघडं टाकायचं आणि मोरीत दोन तांबे पाणी ओतायचं. आमच्या बागेतलं शौचालय जुलैत उघडलं तेव्हा मी डोकावलो. फरशी कोरडी ठणठणीत होती आणि कबुतरं येतात म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला होता. झोपाळे अजून बांधलेलेच होते.