इंजिन लाइट लागली म्हणजे सेन्सरच गेला, असं नाही

इंजिन लाइट लागली, स्कॅनरवर कोड आला आणि कुणीतरी ‘एअर-फ्यूएल सेन्सर बदलून टाका’ म्हणालं, असं सांगत बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. नवा सेन्सर बसवूनही तीच लाइट पुन्हा लागलेल्या गाड्याही येतात. ते पाहून वाईट वाटतं, कारण हा पार्ट स्वस्त नसतो. म्हणून आम्ही तपासणी कशी करतो ते इथे लिहिलं आहे.

सेन्सरचं काम

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक्झॉस्टमध्ये, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या) आधी बसवलेला हा सेन्सर जळलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते बघतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. साधा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण लीन (हवा जास्त) आहे की रिच (पेट्रोल जास्त), एवढंच सांगतो. हा सेन्सर किती लीन, किती रिच तेही सांगतो. दोन्ही दिसायला सारखे असले तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

कोड आल्यावर आम्ही काय बघतो

पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन आहे, म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. सेन्सर खराब आहे असं हा कोड म्हणत नाही. खरी माहिती फ्यूएल ट्रिममध्ये मिळते, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय त्या आकड्यात. समजा आयडलला, म्हणजे इंजिन सुरू ठेवून गाडी उभी असताना, ट्रिम अधिक २० आहे आणि इंजिन २५०० आरपीएमला नेल्यावर ५ च्या आसपास उतरला, तर इंटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा येण्याच्या मार्गात, कुठेतरी हवा शिरते आहे. आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, त्यामुळे फटीतून येणारी हवा तिथे जास्त जाणवते. अशा वेळी फाटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा गास्केट धुराच्या चाचणीत सापडतं. उलट, लोड आल्यावर ट्रिम चढत गेला तर आम्ही फ्यूएल पंपाचं प्रेशर, फिल्टर आणि हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर तपासतो.

एक्झॉस्टमधली गळती सगळ्यात फसवी. सेन्सरच्या आधी बारीक चीर असेल तर बाहेर पडणाऱ्या वायूच्या दोन झटक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरही मिश्रण लीन दाखवतो. तिथे नवा सेन्सर बसवला तरी तोही तेच दाखवणार.

पी०१३५ सारखा कोड सेन्सरच्या आतल्या हीटरच्या सर्किटचा असतो. तेव्हा आम्ही आधी फ्यूज, कनेक्टर आणि हीटरला पोचणारा करंट बघतो, मग थंड सेन्सरच्या हीटरचा रेझिस्टन्स मोजतो. हीटर आतून तुटला असेल तर सेन्सर बदलण्यावाचून इलाज नाही. सेन्सरचा प्रतिसाद मंदावला असेल तरीही तेच, पण आधी आम्ही मिश्रण मुद्दाम रिच करून तो किती पटकन ओळखतो ते स्क्रीनवर बघतो आणि तुम्हालाही दाखवतो. टोकावर पांढरा थर असेल तर चुकीचा सिलिकॉन सीलंट किंवा इंजिनात जळणारं कूलंट हे कारण असू शकतं. ते शोधल्याशिवाय नवा सेन्सर बसवू नये. घासून साफ केलेल्या सेन्सरवर आमचा भरवसा नाही.

गाडी आणण्याआधी

कृपया बॅटरीची वायर काढून लाइट घालवू नका. बिघाड झाला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान, लोड काय होतं याची नोंद ईसीयूमध्ये असते आणि वायर काढली की ती बहुतेक वेळा पुसली जाते. लाइट थंड इंजिनाला लागली की हायवेवर, त्याआधी गाडीचं कोणतं काम झालं होतं आणि मायलेज कधीपासून घसरलं, एवढं आठवून सांगा. आमचा निम्मा शोध तिथेच होतो.

लाइट स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश चालवत आणता येते. लाइट लुकलुकत असेल तर मात्र इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतोय. सुरक्षित जागा बघून इंजिन बंद करा आणि आम्हाला फोन करा, गाडी टो करून आणू.